थोरली, मधली आणि धाकटी

“डॉक्टर, ही धरा. आन् हिच्या पोटात काय हाय ते उघडून बगायचं न्हाई,” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी बंदूक माझ्या दोन्ही हातांवर आडवी ठेवली, तान्हं मूल देतात तशी.

मूल मी धरलं असतं. वासरू तर कितीही वेळ धरलं असतं, पगारच त्याचा मिळत होता. पण बंदूक मी आयुष्यात पहिल्यांदा धरत होतो. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती आणि माघातल्या सकाळी असायला हवी त्यापेक्षा गार होती. शेजारी शेजारी दोन नळ्या. त्यांच्या लोखंडात तळ्यावर वारा सुटल्यावर उठतात तशा बारीक लाटा. मागच्या बाजूला बाहेर आलेले दोन घोडे, मान खाली घालून निजलेले. दस्त्यावर आक्कांनी हळदीकुंकवाची बोटं ओढली होती.

“उघडायची नाही म्हणजे?” मी विचारलं.

“बंदूक भरायची घरच्या बाईनं, उडवायची जावयानं. मधी उघडून बगितली म्हंजी भरणारीवर इस्वास न्हाई, असं हुतं. त्यो जावई मग हितनंच परत जातो.”

“होणाऱ्या जावयानं,” पडवीतून मामांनी दुरुस्ती केली. “अजून झालेला नाही.”

हे मामा हेमलताचे. हेमलता ही सुभेदार दादासाहेब पिसाळांची एकुलती एक मुलगी आणि मी त्या अंगणात बंदूक घेऊन उभा असण्याचं एकमेव कारण. आक्का दादासाहेबांची थोरली बहीण. दादासाहेबांच्या पत्नी गेल्यापासून घर त्यांच्या हातात होतं. मामांनी गळ्यात माळ घातली होती. त्यामुळे ते शिकार करत नसत, खातही नसत. पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी दादासाहेबांची एकही शिकार चुकवली नव्हती. बरोबर छत्री घेऊन यायचं, मागे उभं राहायचं आणि चुका काढायच्या, एवढंच त्यांचं व्यसन होतं.

मी माणदेशातल्या त्या तालुक्याला जनावरांचा डॉक्टर म्हणून नवीन आलो होतो. पिसाळांची म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं. माझा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता आणि डाव्या हाताने मी घसरणारा चष्मा सावरत होतो. अशा वेळी एका मुलीने पुढे येऊन तो चष्मा नाकावरून काढला, पदराने पुसला आणि परत नाकावर ठेवला. “आता दिसतंय का काही?” तिने विचारलं. म्हशीच्या आत दिसण्यासारखं काही नसतं. पण मी “हो” म्हणालो. रेडकू सुखरूप झालं. त्यानंतर त्या म्हशीची तब्येत विचारायला मी इतक्या वेळा गेलो, की शेवटी म्हैसच मला पाहून उठून जायला लागली.

दादासाहेबांना मी नापसंत नव्हतो. पण पिसाळांच्या घरची एक रीत होती. मुलगी मागणाऱ्याने घरच्या थोरल्या बंदुकीने एक पक्षी पाडायचा. तो शिजवायचा, छातीचा तुकडा त्याच्या ताटात पडायचा आणि मग सुपारी फुटायची. पक्षी पडला नाही, तर पाहुण्याने चहा घेऊन एसटी पकडायची.

दोघांनी आधी पकडली होती. पहिला ओव्हरसियर होता. बंदुकीच्या बाराच्या धक्क्याने तो उताणा पडला आणि पडता पडता दुसरी नळी सुटली. तिने बाभळीची फांदी आणली ती दादासाहेबांच्या डोक्यावर. दुसरा कचेरीतला कारकून. त्याचा नेम उत्तम होता. रानकोंबडी म्हणून त्याने जी पाडली ती गुरवाची निघाली, अंड्यावरची. आता मी. आणि माझ्या मागे मामांच्या साडूचा मुलगा तयार होता. साखर कारखान्यात केमिस्ट, स्वतःची मोटारसायकल. “डॉक्टरांचं आज काय ते होऊन जाऊ दे,” मामा सगळ्यांना सांगत होते. “मी परवा त्याला बोलावून ठेवलाय.”

घरात बंदुका तीन होत्या. तिन्ही जुन्या, बाहेरच्या घोड्यांच्या. थोरली जावयांसाठी. मधली दादासाहेबांची. धाकटी एकनळी, हलकी, आक्कांसाठी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. पण तिचा घोडा मोडलाय असं आक्का सांगत आणि ती खुंटीवर असे. दादासाहेब गप्पांत “काल मधलीला घेऊन माळावर गेलो होतो, थोरलीला तेल लावून ठेवलंय” असं मोठ्याने बोलत. गावात नवीन आलेल्या माणसाचा त्यावरून बराच गैरसमज होई.

त्या सकाळी मी पोचायच्या आधी वेशीपाशीच दोन बार ऐकले होते आणि सायकलवरून उतरलो होतो. “काही नाही,” दादासाहेब म्हणाले होते, “आक्का कावळे हाकलतायत.”

तर आता बंदूक हातावर घेऊन मी गोठ्याकडे गेलो. तिथे हेमलता बैलगाडीत न्याहारीचं सामान ठेवत होती. भाकरीची टोपली, पाण्याची घागर, गुंडाळलेली लांबडी सतरंजी. न्याहारीची गाडी पुढे जाऊन ओढ्याकाठी थांबायची, अशी पद्धत होती.

“मला येत नाही हे,” मी हळूच म्हणालो.

“माहितीय.”

“मी आजवर इंजेक्शनाशिवाय काही मारलेलं नाही.”

“तेही म्हशीला मागून.” तिने सतरंजी नीट सरकवली. “ऐका. आधी घोडे चढवायचे. अंगठ्याने मागे ओढायचे, खट् वाजेपर्यंत. घोडा चढवल्याशिवाय कितीही चाप ओढला तरी काही होत नाही. आणि घोडे चढवून चालायचं नाही. पक्षी उठला की चढवा, खांद्याला लावा, ओढा.”

“आणि चुकला तर?”

“चुकला तर मोटारसायकलवर बसायची मला हौस नाही, एवढं लक्षात ठेवा.” ती गंमत करत होती, पण तोंड गमतीचं नव्हतं. मग म्हणाली, “आणखी एक. नंतर कुणी काही विचारलं, तर खरं तेच सांगा. अगदी जसं झालं तसं.”

“खरं सांगून काय होणार?”

“मामांना खरं कधी पटत नाही,” ती म्हणाली आणि बैलांना हाक मारली.

---

आम्ही तिघं आणि एक कुत्रा माळावर निघालो. कुत्र्याचं नाव तहसीलदार. हाक मारल्याशिवाय तो उठत नसे आणि उठला तरी काम करेल असं नसे, म्हणून दादासाहेबांनीच ते ठेवलं होतं. पुढे तो, मग मधली खांद्यावर टाकलेले दादासाहेब, मग मी, आणि मागे छत्री उघडून मामा.

दादासाहेबांचं वय झालं होतं, पण चाल पलटणीतली होती. त्यांच्या नेमाची त्या भागात ख्याती होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय असं आमच्या दवाखान्याशेजारचे माणसांचे डॉक्टर मला खासगीत म्हणाले होते. समोरून आलेल्या मला ते दोनदा “काय गुरुजी” म्हणाले होते. तरी दर हंगामात ते माळावर जात आणि त्यांचे तित्तर पडत.

“ह्या बंदुकांना दुकानातलं काडतूस चालत नाही, डॉक्टर,” ते सांगत होते. “नळ्या जुन्या. नव्या दारूने फाटतील. ह्यांना काळीच दारू लागते. आमची आक्का घरी भरते. धूर होतो, पण काय आवाज येतो! नव्या बंदुकीचा आवाज म्हणजे कुणीतरी कपाटाचं दार आपटल्यासारखा.”

“धुरात पक्षी पडला की उडाला हे कसं कळतं?” मी विचारलं.

“ते बरोबरच्यांनी सांगायचं. बार काढणाऱ्याने बोलायचं नाही.”

“म्हणून तर मी येतो,” मामा मागून म्हणाले.

ज्वारीच्या रानापलीकडे एक उतार होता. उताराच्या तळाला ओढा, आणि ओढ्याच्या अलीकडे घायपाताचं दाट बेट. गाडी कुठे दिसत नव्हती. दादासाहेब थांबले, डोळे बारीक करून घायपाताकडे पाहिलं, आणि काठीने जमिनीवर रेघ मारली.

“इथे उभे राहा. तोंड घायपाताकडे. तित्तर आपल्या पायांतून उठेल आणि त्या बेटावरून पलीकडे जाईल.”

“उन्हाकडे तोंड करून?” मामांनी हरकत घेतली. “दाजी, नवखा माणूस, डोळ्यांत ऊन, आणि समोर चढाव नाही, उतार. ओढ्याकडून वर यायचं सोडून तुम्ही…”

“पिसाळांची ही जागा आहे.”

“ओव्हरसियरला तर तुम्ही बाभळीखाली उभं केलं होतं.”

“आणि काय झालं बघितलंत ना?” दादासाहेब म्हणाले.

दादासाहेबांनी मधलीचे दोन्ही घोडे चढवले. खट्, खट्. स्वयंपाकघरात सुपारी कातरल्यासारखा आवाज. मग तोंडाने बारीक शीळ घातली. तहसीलदाराने आमच्याकडे पाहिलं, कामाचं स्वरूप समजून घेतलं, आणि नाराजीने ज्वारीच्या धाटांत शिरला.

मी मनात पाठ करत होतो. घोडे चढवा, खांद्याला लावा, ओढा. घोडे, खांदा, चाप. चष्मा घसरत होता आणि पुसायला कुणी नव्हतं.

पायांखालची जमीन फुटावी तसा आवाज झाला. तित्तर उठतो तेव्हा पक्षी उठल्यासारखा उठत नाही, कुणीतरी पत्र्याचा डबा जोरात हलवल्यासारखा उठतो. मी दचकलो. तपकिरी गोळा सरळ घायपाताकडे निघाला. मी बंदूक खांद्याला लावली, चाप ओढला. काही नाही. दुसरा चाप ओढला. काही नाही. चाप दगडासारखे घट्ट. त्याच क्षणी माझ्या डावीकडे आभाळ फाटलं आणि सगळं जग पांढरं झालं.

त्या धुराला सडक्या अंड्यांचा वास होता. मला माझा हात दिसत नव्हता. मधलीचा आवाज माळावर घुमत गेला आणि त्याच्या शेपटीला धरून आणखी एक आवाज आल्यासारखा वाटला, छोटा, कोरडा. मग धुरात उभा राहून मी खाली पाहिलं. थोरलीचे दोन्ही घोडे मान खाली घालून निजले होते. मी त्यांना चढवायलाच विसरलो होतो.

“पडला!” मामा ओरडले. आवाजात आनंद नव्हता.

धूर विरला. घायपाताच्या अलीकडे तित्तर पडलेला होता. तहसीलदार तिथवर गेला, पण पक्ष्याकडे न पाहता घायपाताकडे तोंड करून शेपटी हलवत उभा राहिला. फार प्रेमाने हलवत होता.

“तहसीलदार! इकडे ये, गाढवा,” दादासाहेब एवढ्या जोरात ओरडले, की तो पक्षी तोंडात घेऊन आला. त्याच्या नोकरीतला हा पहिलाच प्रसंग असावा.

“शाब्बास, डॉक्टर!” दादासाहेबांनी माझ्या पाठीवर हात मारला.

मला तिचे शब्द आठवले. आणि खोटं बोलायला लागणारी हुशारीही त्या घटकेला अंगात नव्हती. “मी नाही मारला,” मी म्हणालो. “तुमचा आहे.”

“माझा बार वर गेला. मला माहीत आहे.”

“पण माझा बारच झाला नाही. मी घोडे चढवले नव्हते.”

दादासाहेबांनी मामांकडे वळून पाहिलं. “बघा. पहिली शिकार, आणि सासऱ्याच्या नावावर घालतोय. विनय म्हणतात तो हा.”

“विनय नाही हो! हे बघा, घोडे खालीच आहेत.”

“बार झाला की घोडे खालीच असतात,” दादासाहेब म्हणाले. “वर राहिले असते तर म्हणालो असतो, की बार झाला नाही.”

आता ही गोष्ट खरी होती. घोडा चढवलाच नाही काय आणि चढवून पाडला काय, दिसायला दोन्ही सारखंच. मी मामांकडे आशेने पाहिलं. माझा पराभव व्हावा अशी मनापासून इच्छा असलेला तिथे तोच एक माणूस होता, आणि खरं बोलणारा मी एक. आमचं जमायला हरकत नव्हती.

“मामा, तुम्ही मागे होतात. तुम्ही बघितलंत. सांगा.”

मामांनी छत्री मिटली. ते पेचात पडले होते. माझं म्हणणं त्यांच्या सोयीचं होतं. पण समोरच्या माणसाचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करण्याची त्यांना सवय नव्हती.

“बघितलं नाही, धूर होता,” ते म्हणाले. “पण मी ऐकलं. दोन बार झाले. एक मोठा, एक लहान. एक दाजींचा. मग दुसरा कुणाचा? कुत्र्याचा?”

“घुमला असेल आवाज.”

“मला घुमलेला आवाज कळत नाही?” मामा दुखावले. “दोन होते म्हणजे दोन होते. पण तुम्ही एवढं ठासून सांगताय, तर एक करू. बंदूक उघडा. आता उघडायला हरकत नाही. आत भरलेली काडतुसं निघाली, तर तुमचं खरं. मग ती शिकार जावयाची नाही. मग परवा केमिस्ट येईल, आणि चहा काय तो तुम्ही आत्ताच घेऊन टाका.”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी इतका वेळ कशासाठी भांडत होतो. माझंच लग्न मोडावं म्हणून. पण आता मागे फिरता येत नव्हतं. मामांनी हात पुढे केला होता. मी चापाखालची पट्टी बाजूला फिरवली. थोरली कमरेतून वाकली, आणि नळ्यांच्या मागच्या टोकांतून दोन काडतुसं वर आली. मामांनी ती ओढून काढली.

दोन्ही रिकामी होती. बुडाच्या टिकल्या ठोकलेल्या, कडा काळ्या पडलेल्या. मामांनी एक काडतूस नाकाला लावलं, मग नळीत नाक घातलं.

“ताजी उडालेली आहेत,” ते म्हणाले. “डॉक्टर, तुम्ही घोडे चढवलेत, बार काढलात, पक्षी पाडलात, आणि तुम्हाला पत्ता नाही. जनावरांना औषध देताना तरी शुद्धीवर असता का?”

मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. खांदा चाचपून पाहिला. दुखत नव्हता. माझ्यावर माझा विश्वास तसा पूर्वीपासूनच बेताचा होता. तो तिथे माळावर पूर्ण संपला.

“पहिल्या बाराला असं होतं,” दादासाहेब समजुतीने म्हणाले. “मलाही माझं लग्न आठवत नाही.”

---

ओढ्याकाठी गाडी उभी होती. आक्का जमिनीवर बसून भाकऱ्या काढत होत्या. हेमलता घायपाताच्या बाजूने हातात सरपण घेऊन आली. पक्षी पाहून तिने “अरे वा” एवढंच म्हटलं.

“मी मारलेला नाही,” मी तिलाही सांगितलं. सवय झाली होती.

“बरं,” ती म्हणाली.

“सतरंजी आणलीय ना? मग मातीत का बसलाय?” मामांनी आक्कांना विचारलं.

“तिच्यात मुंग्या झाल्यात. हात लावू नगा.”

तित्तर घरी आणून शिजवला. एका तित्तरात माणसं किती आणि रस्सा किती, ह्याचा हिशोब आक्कांनी बटाट्यांनी जुळवला होता. दुपारची पंगत बसली. मामांच्या ताटात भेंडी. माझ्या ताटात, रीतीप्रमाणे, छातीचा तुकडा.

पहिल्याच घासाला दाताखाली खडा आला. छर्रा होता. मी तो काढून ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा आला. तोही ठेवला. दादासाहेबांच्या ताटात पाठीचा भाग होता. ते बोटं चाटत स्वस्थ जेवत होते. त्यांना एकही लागला नाही.

मी पशुवैद्य आहे. मेलेलं जनावर कसं मेलं, हे सांगणं हाच माझा धंदा. मी तुकडा उलटा करून पाहिला. छर्रे पुढून शिरले होते. आमच्या पायांतून उठून आमच्याकडे पाठ करून पळालेला पक्षी. त्याची पाठ कोरी, आणि मार छातीवर. म्हणजे ज्याने कुणी तो पाडला, तो आमच्या बाजूला नव्हताच. तो पक्ष्याच्या समोर होता. समोर तर घायपात होतं.

मी मान वर केली. हेमलता भाकरी वाढायला वाकली होती.

“डाव्या हाताने वाढतेस?” मामा कडाडले. “जेवायला बसलेल्या माणसाला डाव्या हाताने? हे कुणी शिकवलं?”

“वाढू द्या हो,” दादासाहेब ताटातून मान वर न काढता म्हणाले. “घागरी उचलून उजवा खांदा अवघडला असेल.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्या ताटाच्या कडेला ठेवलेल्या छर्र्यांकडे पाहिलं. मग भाकरीची आणखी एक चतकोर नेमकी त्या छर्र्यांवर ठेवून ती पुढे गेली.

जेवणानंतर मी म्हशीची तब्येत बघायला गोठ्यात गेलो. ती तिथे होती. म्हैसही होती, पण ह्या वेळी उठून गेली नाही.

“धाकटीचा घोडा मोडलेला नाही,” मी म्हणालो.

“नाही.”

“सतरंजीत होती.”

“हो. तिची नळी त्या दोघींइतकी जुनी नाही, तिला दुकानातलं काडतूस चालतं. धूर होत नाही. बाबांचा बार झाला की लगेच ओढायचं, म्हणजे दोन्ही आवाज एकात एक जातात. आज मला जरा उशीर झाला. मामांचे कान फार तिखट आहेत.”

“आणि थोरलीतली काडतुसं?”

“सकाळी आक्कांनी कावळ्यांवर उडवली ती. तशीच परत आत घातली.”

“म्हणजे मी घोडे चढवले असते तरीही…”

“तरीही काही झालं नसतं. मी समोर बसणार होते. तुमच्या हातात भरलेली बंदूक देऊन समोर कशी बसू? मला लग्न करायचं होतं, तेरावं नव्हे.”

“पण दादासाहेबांची बंदूक तर भरलेली होती. तीही घायपाताकडेच रोखलेली.”

ती थोडा वेळ म्हशीची पाठ खाजवत राहिली. “बाबांच्या काडतुसांत आक्का नुसती दारू भरतात. छर्रे घालत नाहीत. डोळ्यांत मोती उतरल्यापासून. कुणाला तरी लागेल अशी भीती. पण माळावर जायचं बंद करा असं सांगायचं कुणी? म्हणून मग मी समोर बसते. त्यांना नका सांगू. नेम ही एकच गोष्ट राहिलीय त्यांच्याकडे.”

मी सांगणार नव्हतो. पण एक शंका राहिली होती.

“त्या ओव्हरसियरला आणि कारकुनाला बंदूक कुणी भरून दिली होती?”

“मीच.”

“तीही रिकामी?”

“छे! ती खरी भरली होती. दोन्ही नळ्या. ओव्हरसियरला तर आक्कांनी दारू चिमूटभर जास्तच घातली.”

“का?”

“कारण ते मला पसंत नव्हते,” ती म्हणाली.

---

लग्न वैशाखात झालं. मामा व्याह्यांच्या पंगतीत बसून माझ्या शिकारीची हकीकत सांगत होते. “मी होतो ना तिथे. पाडला, आणि वर म्हणतो मी नाही! असा माणूस मी पाहिला नाही.” केमिस्टाचं नाव ते विसरूनही गेले होते.

निघायच्या वेळी आक्का हेमलताला कवटाळून रडत होत्या. दादासाहेब रडणाऱ्यांत नव्हते. ते मला हाताला धरून जरा बाजूला, पिंपळाच्या पाराकडे घेऊन गेले. त्यांच्या काखेत एक लांबडं गाठोडं होतं. सतरंजीचं.

“ही धाकटी,” ते म्हणाले. “हिच्याबरोबर असू दे. परवाना तुमच्या नावावर करून घ्या. चालवायची मात्र तुम्ही नाही.”

मी गाठोडं दोन्ही हातांवर आडवं घेतलं.

“आणि एक विनंती आहे, डॉक्टर. दर माघात हिला चार दिवस पाठवत जा. नाहीतर लोक म्हणतील, सुभेदारांचा नेम गेला.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“छर्रे नसलेलं काडतूस खांद्याला कळतं,” दादासाहेब म्हणाले. “लोडाला टेकल्यासारखं लागतं. उभी हयात बंदूक चालवली मी. आणि त्या तहसीलदाराने दर वेळी घायपाताकडे बघून शेपूट हलवावी आणि मला दिसू नये, एवढा काही मी आंधळा झालो नाही.”

“मग बोलला का नाहीत कधी?”

त्यांनी मांडवाकडे पाहिलं. तिथे हिरव्या साडीतली एक आकृती त्यांना धूसर दिसत असणार, किंवा दिसतही नसेल.

“बोलून काय करू? उडता तित्तर, उन्हाकडे तोंड असलेल्या माणसाच्या बाराच्या आवाजात आवाज मिसळून, एका नळीत पाडते पोरगी. अख्ख्या तालुक्यात कुणाला जमणार नाही. एवढं कौतुक होतं, ते सांगायचं कुणाला? मुलगी बंदूक चालवते म्हटल्यावर स्थळं आली असती का? मग मी माझ्या नावावर सांगत होतो. चावडीवर बसून, ‘काल काय पाडला, काय पाडला!’ ऐकणारे म्हणायचे, सुभेदार फार बढाई मारतात.” ते खाकरले. “आता लोकांना वाटतं मी स्वतःचं सांगतो. वाटू दे.”

पुढच्या माघात आम्ही गेलो. त्याच्या पुढच्या माघातही. कडेवर मूल आलं, तरी गेलो. ते आक्का सांभाळत. मग कायदा आला आणि शिकार बंद झाली. बरंच झालं. तित्तरांना आणि मामांच्या छत्रीला दोघांनाही विश्रांती मिळाली. पण तोवर दर माघात मी थोरली घेऊन दादासाहेबांच्या उजवीकडे, उन्हाकडे तोंड करून उभा राहिलो. घोडे कधी चढवले नाहीत. मधली गरजे, जग पांढरं होई, आणि धुरात उभा राहून मी रीतीप्रमाणे, बरोबरच्याने सांगायचं असतं म्हणून, मोठ्याने ओरडे,

“पडला, दादासाहेब! काय नेम आहे!”

“आहेच मुळी,” ते घायपाताकडे तोंड करून तितक्याच मोठ्याने म्हणत.

आणि दर वेळी घायपातातून कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज येई. मामांचं मत, तो वाऱ्याचा होता.